सुरतला मुलगा असलेली सोनाक्का

सोनाक्काच्या घरात कधी काही संपायचं नाही. पिठाचा डबा तळापर्यंत खरवडून झाला की ती म्हणायची, "पीठ वाढलं वं माय." तेल वाढायचं, मीठ वाढायचं, लाकडं वाढायची. दिवा ती मालवायची नाही, दिव्याला नीज आली म्हणायची. आमच्याकडे धुळ्याच्या बाजूलाही बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, पण सोनाक्काइतकं पाळणारं माणूस मी कुठं पाहिलं नाही. तिच्याकडून उठताना माझ्या तोंडून "जाते" निघालं की ती मला हाताला धरून परत खाली बसवायची, "येते" म्हणेपर्यंत सोडायची नाही. चुलीवर दूध उतू चाललेलं असलं तरी.

मी लग्न होऊन यावलच्या बाजूच्या या गावात आले तेव्हा मला कशाचीच अक्कल नव्हती, सातवीतून काढून लग्न लावलं होतं, अन् भीती तर इतकी वाटायची की काय सांगू. आमचे हे स्टेशनवर मालगाडीच्या डब्यांत केळी भरायच्या कामाला, घरी आले तर आले, सासू मोठ्या दिराकडे जामनेरला. मी घरात एकटी. चारी बाजूनं केळीच्या बागा, वारा सुटला की ती पानं अशी फडफडायची की कोणी चालत येतंय वाटायचं. त्यात माझी बोली वेगळी, आहेला शे म्हणणारी. पहिल्याच दिवशी हापशावर मी विचारलं, "पानी शे का?" तर बठ्ठ्या बाया, सगळ्याच्या सगळ्या, हसल्या. सोनाक्का पण हसली, पण तिनं हसता हसता माझा हंडा भरला अन् स्वतः उचलून घरापर्यंत आणला, अन् म्हणाली, "शे तर शे. पानी तर तेच हाये."

तिचं घर माझ्या घराला लागूनच, मधे एक कुडाची भिंत. उंच बाई, वाकलेली, चालताना एक हात कमरेवर. जन्मभर लोकांच्या केळीत कामाला गेली. निंदणी, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापून काढणं, वाळलेली पानं कापणं. केळीचा चीक कापडावर पडला की तो काळा डाग निघत नाही, कितीही घासा, म्हणून तिची सगळी लुगडी ठिपक्याठिपक्यांची झालेली. एकदा कापड विकायला आलेल्या बाईनं विचारलं, अक्का, ही छापाई कुठली? सोनाक्का म्हणाली, "ही घरची छापाई हाये. चाळीस वर्सं लागली छापाले." त्या बाईला खरं वाटलं.

नवरा लवकर गेला होता. तो गेला असंही ती म्हणायची नाही, "ते वर राह्यतात" म्हणायची, जसं काही माडीवर राहतात. अन् एक मुलगा. रघुनाथ. तो सुरतला होता.

सुरतला होता म्हणजे काय ते मला पुष्कळ उशिरा कळलं. मी समजायची की कामाला असेल, येत जात असेल. सोनाक्का बोलायचीच तशी. रघुनाथला वांग्याचं भरीत आवडतं, बिना तेलाचं. रघुनाथला गरम सोसत नाही. रघुनाथ म्हणतो असं, रघुनाथ म्हणतो तसं. मग एकदा आमच्या ह्यांनीच सांगितलं की अगं तो आपल्या लग्नाच्याही किती आधी गेलाय, मागाच्या कारखान्यात लागला, पहिली काही वर्षं पत्र आलं, पैसे आले, मग तिकडंच लग्न केलं म्हणतात, अन् मग पत्र नाही, पैसे नाही, काही नाही. आमच्या गावातली दोन-तीन पोरं सुरतला आहेत, त्यांनी त्याला कुठं बाजारात पाहिलं होतं एकदा, तर तो गर्दीत शिरला.

हे सोनाक्काला माहीत होतं का? माहीत होतं. त्यातल्याच एका पोरानं येऊन तिला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "कामाच्या घाईत असंन."

माझी रेखा झाली तेव्हा सोनाक्काच होती. मला माहेरी जायचं होतं, पण बस बंद होत्या नदीला पाणी म्हणून, अन् पोरगी आधीच आली. इतकीशी. मी तिला रात्रंदिवस बघत बसायची, श्वास चालतो की नाही, नाकाशी बोट धरायची, ती झोपलेली असली तर हलवून उठवायची, मग ती रडायची अन् मग मी रडायची. एक दिवस दुपारी तिला ताप भरला अन् माझ्या तोंडून निघून गेलं, अक्का, ही मरते का वो. सोनाक्कानं माझ्या तोंडावर हात दाबला. असा दाबला की माझा दात ओठात रुतला. मला अंगणात नेलं, थुंकायला लावलं, गुळण्या करायला लावल्या, अन् मग म्हणाली, "म्हन, माही पोर मोठी व्हईन." मी म्हटलं. "म्हन, शाळेत जाईन." मी म्हटलं. "म्हन, सासूले दटावीन." मग मला हसू आलं अन् मग आम्ही दोघी हसलो, अन् रेखाला घेऊन तिनं तशीच यावलच्या दवाखान्याची बस पकडली, मला मागं यायला सांगून. बोलून पोर वाचते असं तिला वाटायचं नाही, डॉक्टर लागतो हे तिला ठाऊक होतं. पण आईच्या तोंडातून वाईट निघालं की ते लागतं, त्याला डॉक्टर नाही, असं ती म्हणायची. बाकी कोणाचं लागत नाही. आईचं लागतं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात. घरातलं जे माणूस वर गेलंय त्याच्या नावानं पाण्याची घागर, वर डांगर, आंबा, पुरणपोळीचा घास. सोनाक्का नवऱ्याच्या नावानं एक घागर भरायची. एका आखाजीला समोरच्या आळीतली एक म्हातारी आली अन् तिनं आपलेपणानंच म्हटलं, रघुनाथला जाऊन एक तप होऊन गेलं सोने, शास्त्रात सांगितलंय, बारा वर्षं माणूस दिसला नाही की त्याची घागर भरावी, त्यालाही शांती अन् तुलाही. मी तिथंच पुरण वाटत होते. सोनाक्का उठली, त्या म्हातारीच्या हातातली पुरणपोळीची ताटली काढून घेतली अन् गाईला घातली. त्या दोघींची लहानपणापासूनची मैत्री. त्यानंतर सोनाक्का तिच्याशी बोलली नाही. हापशावर पाठीला पाठ लागली तरी नाही.

आता पगाराचं सांगते.

सरकारकडून म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना सांभाळणारं कोणी नाही त्यांना, महिन्याचे पैसे मिळतात. आमच्या गावात त्याला निराधारचा पगार म्हणतात. सोनाक्काचं नाव त्यात तलाठ्यानं घातलं होतं. तो चौकशीला आला तेव्हा ती केळीत कामाला होती, पोलीस पाटलानंच सांगितलं की लिहा, बाईला कोणी बघत नाही, अन् त्यानं लिहिलं. तिला कोणी विचारलंच नाही. फक्त वयाच्या दाखल्यासाठी दवाखान्यात जावं लागलं. जन्माची नोंद कुठून असणार? डॉक्टरनं वय विचारलं तर ती म्हणाली तू डॉक्टर हाये, तूच पाह्य. मग त्यानं तिला तोंड उघडायला सांगितलं, दात बघितले. ती घरी येऊन आठ दिवस सांगत होती सगळ्यांना, "मले बैलासारखे दात पाह्यले वं त्यानं. म्या म्हनलं, शेपटी पन उचल अन् बाजारात ने." पण दाखला मिळाला.

पोस्टमन पगार आणायचा तो दिवस म्हणजे सण. ती सकाळपासून धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसायची. अंगठा द्यायच्या आधी हात धुवायची. आलेल्या पैशांतून सगळ्यात आधी रेखासाठी गोळ्या-बिस्किटं, मग बाकीचं. मी एकदा तिला समजावून सांगायला गेले की निराधार म्हणजे ज्याला कोणाचा आधार नाही तो. ती म्हणाली तुझ्या पुस्तकात असंन तसं. हा माहा पगार हाये. गावातल्या बठ्ठ्या केळी म्या मोठ्या केल्या, पन्नास बागा असतील, मालक म्हातारे झाले, मेले... अन् तिथं ती थांबली अन् म्हणाली वर गेले, अन् सरकारनं आता हिशेब धरला. तिला असंच वाटायचं, की हे उपकाराचे नाहीत, कामाचे आहेत. तिची नजर तोपर्यंत अधू झाली होती, डोळ्यात फूल पडलेलं, कामावर कोणी घेत नव्हतं. त्या पगारावर ती जगत होती. पण कोणापुढं हात पसरत नव्हती म्हणून तिची मान ताठ. कंबर वाकलेली अन् मान ताठ, अशी ती दिसायची.

मग तपासणी निघाली. कोणीतरी वर तक्रार केली होती की ज्यांना चांगली कमावती मुलं आहेत ते पण पगार खातात, अन् ते खरंच होतं. तालुक्याहून साहेब येणार, सगळ्यांनी चावडीवर हजर राहायचं, समोर बसवून विचारणार. आदल्या दिवशी तलाठी स्वतः घरोघर फिरला, चांगला माणूस होता तो, सगळ्या म्हाताऱ्यांना शिकवून गेला की साहेबांनी विचारलं मुलगा आहे का, तर नाही म्हणायचं, एवढंच. पुढचं मी बघतो. सोनाक्का ऐकून घेत होती.

मी तिच्याबरोबर गेले, रेखा कडेवर. चावडीवर सगळी म्हातारी माणसं ओळीनं बसलेली, जत्रेगत. सोनाक्काच्या पुढं तुकाराम नाना होते. त्यांना तीन मुलगे, तिघंही धडधाकट, अन् त्या दिवशी दोघांनी त्यांना दोन्ही बाजूनं बखोटीला धरून आणलं होतं कारण त्यांना नीट चालवत नव्हतं. साहेबांनी विचारलं, नाना, मुलं किती? नाना म्हणाले, एक पण नही साहेब, मी एकटा जीव. साहेबांनी त्या दोघांकडे बघितलं. मग हे कोण? नाना म्हणाले, हे शेजारचे हायेत, लई दयाळू पोरं. सगळी चावडी हसली, साहेब पण हसले, मुलगे पण हसले. ज्याचे त्याचे बाप सगळे तेच करत होते. अन् नाना काही खोटारडे नव्हते. ते तिघं त्यांना ओट्यावर वाढायचे, तेही आठवण झाली तर.

मग सोनाक्काचं नाव पुकारलं.

ती पुढं जाऊन बसली. साहेब तरुणच होते, गोरे, घामेजलेले. त्यांनी कागद बघितला अन् विचारलं, आजी, मुलगा आहे का?

तलाठी मागून मान हलवत होता, नाही नाही म्हणून. मी हलवत होते. मला वाटतं अर्धी चावडी मान हलवत होती. अन् सोनाक्काला तर मागचं काही दिसतच नव्हतं, दिसलं असतं तरी.

"हाये," ती म्हणाली. "सुरतले हाये."

साहेबांनी पेन थांबवलं. ते वाईट नव्हते, मी सांगते. त्यांनी तिला वाट करून दिली. म्हणाले बरं, आहे, पण तुम्हाला बघत नाही ना?

"पाह्यते ना. आईले कोन नही पाह्यत?"

पैसे पाठवतो का?

"पाठवीन."

म्हणजे अजून पाठवत नाही.

"पाठवीन, भाऊ. माहा पोऱ्या चांगला हाये."

ती हे कोणाला दाखवायला बोलत नव्हती. तिला पक्कं ठाऊक होतं की काय होणार आहे. पण चारचौघात, सरकारच्या पुढं, कागदावर लिहून घेणाऱ्या माणसाच्या पुढं तिनं नाही म्हणायचं, मुलगा नाही म्हणायचं, आईनं. ते तिच्यानं होणं नव्हतं. साहेबांनी तलाठ्याकडं बघितलं. तलाठ्यानं कपाळाला हात लावला. साहेबांनी लिहिलं.

नानांचा पगार चालू राहिला. सोनाक्काचा बंद झाला.

पहिल्या महिन्यात तिनं कोणाला कळू दिलं नाही. धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली, पोस्टमन समोरून सायकल हातात धरून गेला, मान खाली घालून. पुढच्या महिन्यात ती बसली नाही. मी भाकरी द्यायची तर ती घ्यायची नाही, रेखाला सांभाळेन मग खाईन म्हणायची, अन् तिच्याच्यानं आता पळती पोर सांभाळवत नव्हती, रेखा रस्त्यावर जायची अन् तिला दिसायचं नाही. मी कामातून धावत यायची. तरी मी रेखाला तिच्याकडे ठेवायची, कारण नाहीतर ती जेवली नसती. माझा जीव इथं टांगलेला अन् तिथं टांगलेला. एक दिवस बघते तर ती पहाटेच ट्रॅक्टरवर बसून केळीत निघालेली, बाकीच्या बायांत. मुकादमानं उतरवलं तिला. उतरवलं म्हणजे धरून, हळूच. अन् म्हणाला, अक्का, पिलाऐवजी केळ कापशील तू. बाया हसल्या. ती पण हसली. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

तेव्हा मी ठरवलं की यावलला कचेरीत जायचं. मला कचेरी म्हटलं की हातपाय गार पडतात, शाळेत पण मी फळ्यापाशी कधी गेले नाही. पण तलाठ्यानं सांगितलं होतं की तिथं बोरसे भाऊ म्हणून कारकून आहेत, म्हातारे आहेत, त्यांना भेटा, ते मार्ग काढतील. मी दुसऱ्या वेळची पोटुशी होते. एका हाताला रेखा, एका हाताला सोनाक्का, अन् बसमध्ये उभं राहायला जागा नाही. सोनाक्का वाटेत कंडक्टरशी भांडली, तो मला बसायला जागा देईना म्हणून. त्याला म्हणाली, तुझी माय पोटात दगड घेऊन उभी राह्यली व्हती का रे. तो उठला.

बोरसे भाऊंनी आम्हाला बाकड्यावर बसवलं. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, कसं सांगितलं मलाच माहीत नाही, एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं अन् ते म्हणाले ताई, यात अवघड काही नाही. सरकारला मुलगा मेलेला नको आहे. मुलगा असून सांभाळत नाही एवढा जबाब पाहिजे, दोन ओळी, खाली अंगठा. आजीला बोलायचं पण काम नाही, मी लिहितो.

त्यांनी लिहिलं. मग नियम आहे म्हणून मला म्हणाले, वाचून दाखवा. मी वाचलं. माझा मुलगा रघुनाथ हा सुरत येथे राहत असून तो माझा सांभाळ करीत नाही. माझी विचारपूस करीत नाही. मी हळू वाचलं, तिला ऐकू जाईल एवढंच. बोरसे भाऊंनी शाईचं पॅड पुढं केलं, तिचा अंगठा धरला, शाई लावली, कागदापर्यंत नेला. अन् कागदावर टेकायच्या आत तिनं हात काढून घेतला अन् अंगठा लुगड्याला पुसला.

बोरसे भाऊ रागावले नाहीत. म्हणाले आजी, दुसरा रस्ता आहे. कोर्टात अर्ज करता येतो. कायदा आहे, आईबापाला मुलानं पोसलंच पाहिजे. महिन्याला खर्च द्यावा लागेल त्याला, नाही दिला तर वॉरंट निघतं. सोनाक्कानं विचारलं वॉरंट म्हणजे पोलीस? ते म्हणाले हो. ती म्हणाली, त्याच्या सासरच्या लोकांपुढं? ते म्हणाले बरं, जळगावला म्हाताऱ्या माणसांसाठी आश्रम आहे, दोन वेळचं जेवण, दवापाणी, मी चिठ्ठी देतो. ती म्हणाली अन् रघुनाथ आला तं? घराले कुलूप पाहून माघारी जाईन तो. तो लाजरा हाये, कोनाले विचारनार नही.

मला रडू येत होतं. बोरसे भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, शेवटचा उपाय, मी सुरतला पत्र टाकतो कचेरीतून, तिथले लोक त्याच्या घरी जाऊन विचारतील की बाबा, आईला सांभाळतोस का. त्यानं नाही म्हटलं की झालं. तुम्हाला बोलायला नको. पत्ता आहे का?

पत्ता होता. त्याचं पहिलं पत्र तिच्या कनवटीला होतं, मला माहीत होतं, मीच तिला ते वाचून दाखवायची. सोनाक्काचा हात कनवटीकडे गेला अन् तिनं ती मुठीत आवळली. तिचा चेहरा असा झाला की मी पहिल्यांदा तिला घाबरलेलं पाहिलं. मी जन्मभर घाबरते, मला ओळखता येतं.

"असं करा भाऊ," ती म्हणाली. "असं लिहा का सोनाबाई मेली."

बोरसे भाऊंनी पेन खाली ठेवलं.

"मेली म्हना. बठ्ठा कागद मिटून जाईन. मंग त्याच्या दारी कोनी जानार नही."

माझा हात आपोआप तिच्या तोंडावर गेला, जसा तिनं माझ्या तोंडावर ठेवला होता तसा. कचेरीत सगळे बघत होते. तिनं माझा हात काढला, हळूच, अन् तो आपल्या हातात धरून ठेवला.

"माह्यावर म्हनलं तं चालते, पोरी," ती म्हणाली. "पोरावर म्हनायचं नही."

बोरसे भाऊंनी काही लिहिलं नाही. तो जबाबाचा कागद पण त्यांनी फाडला नाही, फायलीत ठेवला, म्हणाले, मन बदललं तर या, केव्हाही या. अन् आम्हाला बसपर्यंत पोचवायला आले. बसमध्ये सोनाक्का रेखाला मांडीवर घेऊन खिडकीतून बागा बघत होती, म्हणजे तिला दिसत नव्हत्या, पण पानांचा आवाज येतो. कोणाची बाग आली ते ती आवाजावरून सांगत होती, अन् बरोबर सांगत होती की नाही ते मला काय माहीत.

मग फार दिवस राहिली नाही ती. मला राहिली नाही असं लिहिताना पण भीती वाटते. हिवाळ्यात अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं. गावातल्या लोकांनी, तुकाराम नानांच्या मुलांनीसुद्धा, मी खरं सांगते, त्या तिघांनी तिला बाजेवर उचलून टेम्पोत घातलं अन् जळगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं फुकट असतं. तिथं पण आल्या आल्या तेच विचारलं, कोण आहे हिचं? नानांचा थोरला म्हणाला, आम्ही शेजारचे. या वेळी कोणी हसलं नाही.

सुरतला तार केली. आमच्या ह्यांनीच केली, तिला न सांगता, तिच्या कनवटीच्या पत्रावरून पत्ता मीच उतरवून दिला होता, ती गुंगीत होती तेव्हा. तार पोचली की नाही, तो त्या पत्त्यावर होता की नाही, अजून आम्हाला ठाऊक नाही. काही आलं नाही.

मी तिला बघायला गेले तेव्हा माझा मुलगा पंधरवड्याचा पण नव्हता, सगळ्यांनी नको म्हटलं, तरी गेले. बायांचा मोठा हॉल, खाटेला खाट लागलेली. सोनाक्काची खाट भिंतीशी. पायाला विटा बांधून ठेवलेल्या, हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. इतकीशी झाली होती. मी बाळ तिच्या छातीशी ठेवलं. तिनं त्याचं नाक चाचपलं, कान चाचपले, म्हणाली, हा सासूले दटावनार नही, हा भित्रा हाये, तुझ्यावर गेला. शेजारच्या खाटेवर बोदवडकडची एक बाई होती, ती मला म्हणाली, आजीचा मुलगा निघालाय ना सुरतहून? आजी सांगत होत्या, गाडीत बसला म्हणून. मी हो म्हटलं. सोनाक्कानं माझ्याकडे मान वळवली. तिला दिसत नव्हतं, पण तिनं ऐकलं की मी हो म्हटलं. मग तिनं माझ्या हातावरून हात फिरवला.

भेटायची वेळ संपली म्हणून नर्सबाई सगळ्यांना बाहेर काढत होत्या. बाळ रडायला लागलं, दूध पाहिजे होतं त्याला, अन् शेवटची बस होती. मी "येते अक्का" म्हटलं. ती म्हणाली, ये.

दारापाशी जाऊन मी वळून पाहिलं. ती दोन्ही हात खाटेच्या दांड्याला लावून, तो विटा बांधलेला पाय तसाच ठेवून, दात आवळून सरकत होती. थोडं सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. मला वाटलं पडते की काय, मी नर्सबाईंना हाक मारणार होते. पण ती भिंतीला चिकटली अन् थांबली. अन् मग हातानं तिनं खाटेच्या मोकळ्या झालेल्या बाजूची चादर सारखी केली, एक माणूस टेकेल एवढ्या जागेवरची.